निबंधातली ‘लाईन’ खोडायची की ठेवायची?

मांजराकाठ

मी लातूर तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. मागच्या आठवड्यात ‘माझे गाव’ हा निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलंय ते जसंच्या तसं देते.

“आमच्या गावात शेतीची लाईन रात्री येते. लाईन आली की बाबा मोटर चालू करायला जातात. पाण्याची लाईन फुटली की सगळे जण टाकीवर लाईन लावतात. आमच्या घरामागून रेल्वेची लाईन जाते. बाई फळ्यावर सरळ लाईन मारतात. माझा दादा मेडिकल लाईनला आहे.”

सहा वाक्यांत सात लाईनी. मी सगळ्या खोडल्या आणि वर लाल पेनानं लिहिलं: वीज, वीज, जलवाहिनी, रांग, लोहमार्ग, रेघ, वैद्यकीय शाखा. दहापैकी चार गुण दिले. वही हातात पडल्यावर पोरगी टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, जलवाहिनी फुटली म्हणलं तर आमच्या गल्लीत कुणाला कळायचंच नाही, काय फुटलं ते.”

मला काही सुचलं नाही. घरी येऊन शब्दाचं मूळ शोधत बसले आणि जे सापडलं त्यानं झोप उडाली.

लॅटिन भाषेत लिनुम म्हणजे जवस. आपलं जवस, ज्याची चटणी माझी आई आजही उखळात कुटते. जवसाच्या खोडापासून धागा निघतो, त्या धाग्याच्या दोरीला म्हणायचे लिनेआ. हा शब्द इंग्रजीत दोनदा शिरला. एकदा फार जुन्या काळी, ‘दोरी’ एवढाच अर्थ घेऊन. दुसऱ्यांदा १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, फ्रेंचांच्या तोंडून; या खेपेला त्याच्याबरोबर रेघ, ओळ, वंशाचा क्रम असे अर्थ आले. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. रेघेवर माणसं उभी केली की रांग होते. कागदावरची अक्षरं ओळीत बसतात. मासे धरायची दोरी लाईन, जहाजाचा दोर लाईन. पुढं तारायंत्राची तार आली, रूळ आले, नळ आले, त्या सगळ्यांना तोच शब्द मिळाला, कारण ते सगळंच दोरीसारखं लांबवर पसरत जातं. माणसाचा धंदासुद्धा लाईन झाला.

त्याच जवसातून इंग्रजीत आणखी काय काय निघालं! लिनन म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. लायनिंग म्हणजे अस्तर, कारण कपड्याच्या आतून लिनन लावायचे. क्रिकेटच्या बॅटला पोरं जे तेल चोळतात ते लिनसीडचं, म्हणजे जवसाचंच. लिनेट नावाचा एक छोटा पक्षी आहे, तो जवसाचं बी खातो म्हणून त्याचं तसं नाव.

मी ठरवलंय की त्या मुलीचे गुण परत द्यायचे. ‘लाईन’ आता मराठी शब्द आहे असं मी म्हणते. आपण त्याला स्त्रीलिंगी केलं, त्याचं अनेकवचन ‘लाईनी’ केलं, ‘लाईनीत’, ‘लाईनीला’ असे प्रत्यय लावले. त्याचं बी तर आपल्याच काळ्या रानात पेरलं जातं. तुम्हाला काय वाटतं?

बालाघाटी

ताई, तुमची तळमळ पोचली. तरी मी स्पष्ट विरोध नोंदवतो. अंबाजोगाईला चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी याच गावात आहे. आठशे वर्षांपूर्वी या मातीत माणसं मराठीत ब्रह्मज्ञान सांगत होती. त्या भाषेला पाण्याचा नळ सांगायला शब्द नसेल हे मला पटत नाही.

जवसाचा मुद्दा आधी बाजूला काढतो. जवस आपल्याकडं पिकतं म्हणून लिनेआ आपली होत नाही. जवसाला आपली नावं होती. संस्कृतात अतसी, उमा, क्षुमा. त्याच्या धाग्याच्या कापडाला क्षौम म्हणत, आणि ते उंची वस्त्र होतं. म्हणजे धागा आपल्यालाही माहीत होता, कापडही माहीत होतं. आपण त्यातून आपले शब्द घडवले.

खरा प्रश्न मोजणीचा आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या सहा वाक्यांत वीज, नळ, रांग, रूळ, रेघ, शाखा असे सहा शब्द यायला हवे होते. आला एक. शब्द आला याचं मला दुःख नाही, सहा गेले याचं आहे. इंग्रजीत ‘लाईन’ एवढी पसरली तरी त्यांचे दोरीचे, तारेचे, नांगरटीच्या तासाचे, म्हणजे रेघेचे, वेगवेगळे शब्द जागेवर राहिले. माणसांच्या रांगेला इंग्लंडात ‘क्यू’ म्हणतात, तो फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ शेपूट. त्यांनी घर वाढवलं आणि जुन्या खोल्या राखल्या. आपण एक खोली बांधली आणि वाडा पाडला.

‘डेडलाईन’ घ्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत कैद्यांभोवती एक हद्द आखली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. तिचं नाव डेडलाईन. आज आपली मुलं गृहपाठाला डेडलाईन म्हणतात. ‘मुदत’ हा इतका नेमका शब्द घरात असताना!

चार गुण योग्य होते. मी असतो तर चारच दिले असते.

अकरा केव्ही

मॅडम, मी लाईनमन हाय, बावीस वर्षं झाली. सरांचा मान ठेवून बोलतो.

‘वीज’ लिवा म्हणता. आमच्या गावात वीज म्हणलं की मानूस आभाळाकडं बगतो. वीज पडती, माणूस नाहीतर बैल घेऊन जाती. मृगात दर साली ऐकू येतंय. तारेतून येती तिला आम्ही कधी वीज म्हणलंच नाही. “वीज आली” म्हणून बाहेर कुणी वरडलं तर बाया लेकरं घेऊन घरात पळतील.

दुसरं, लाईन म्हंजी नुसता करंट नव्हं. खांबावरची तार ती लाईन. तिच्यातून वाहतंय ती पण लाईन. एलटी म्हंजी कमी दाबाची लाईन येगळी, एचटी म्हंजी जास्त दाबाची येगळी. अकरा केव्हीच्या, म्हंजी अकरा हजार व्होल्टच्या लाईनीवर चढायचं असलं तर आधी सबस्टेशनला फोन करून फीडर बंद करून घ्यायचा, परमिट घ्यायचं, लाईन अर्थ करायची म्हंजी जमिनीला जोडायची, मंगच हात लावायचा. वर चढलेला मानूस खाली इचारतो, “लाईन मेली का?” खालचा सांगतो, “मेली.” ह्या दोन शब्दांवर जीव असतोय. तिथं दुसरा शब्द घालून बगायची आमची तयारी नाही.

पोरीनं बरोबर लिवलंय. शेतीची लाईन. तिच्या बापाला रातीचं दारं धरायला, म्हंजी पिकाला पाणी द्यायला, जावं लागतंय, तिनं बगितलंय ते.

ओळंबा

माझे वडील गवंडी, मी ठेकेदारी करतो, धाराशिवला. ही चर्चा वाचून एक शब्द सांगावासा वाटला: लाईनदोरी.

वीट बांधताना दोन टोकांना दोन खिळे ठोकून मधे जी सुतळी ताणतात तिला आम्ही लाईनदोरी म्हणतो. ताईंनी सांगितलं तसं लाईनचा मूळ अर्थ दोरीच असेल, तर आमच्या लोकांनी एकाच शब्दात दोन भाषांतली दोरी घातली. पावरोटीत असंच झालंय. पाव हा पोर्तुगीजांचा, त्याचा अर्थच रोटी.

पण बालाघाटी सरांच्या बाजूनंही एक सांगतो. दोरीवरून रेघ, रेघेवरून नियम, ही वाट फक्त इंग्रजीनं चाललेली नाही. आपलं सूत बघा. सूत म्हणजे धागा, त्यावरून सूत्र म्हणजे नियम. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच झिजून झाला सुतार. रंधा मारायच्या आधी लाकडावर रंगात बुडवलेलं सूत ताणून सोडतो तो. आणि माणसाला आपण म्हणतो, “सुतासारखा सरळ केला.” वडील भिंतीकडं एक डोळा झाकून बघायचे आणि म्हणायचे, “सुतात हाय.” लेव्हलचं यंत्र नंतर आलं.

म्हणजे शब्द दोन्ही घरी एकाच कामातून जन्मले. तरीपण आज माझ्या साईटवर ‘सुतात’ म्हणणारे दोघं-तिघं म्हातारे उरलेत. पोरं म्हणतात, “लाईनीत घे.” माझा कुठलाच पक्ष नाही, मला फक्त त्या दोघा-तिघांचं वाईट वाटतं.

गोदातीर

नांदेडहून लिहितोय. बालाघाटी सर, तुमच्याच प्रतिसादातले दोन शब्द तुमच्यापुढं ठेवतो: मुदत आणि हद्द. दोन्ही अरबी, फारसीतून आपल्याकडं आलेले. मांजराकाठ ताईंचं अस्तरही फारसी. डेडलाईनच्या जागी तुम्ही जो शब्द ‘घरातला’ म्हणून दिला तोही कधीतरी दारातून आत आला होता.

मराठवाड्यात तरी हे विसरता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा उर्दूत शिकले. हिशेब उर्दूत लिहायचे आणि हरिपाठ मराठीत म्हणायचे. जमिनीचा कागद आजही काढा, खासरा आणि सेतवार हेच शब्द सापडतील. ते शब्द आपल्याला कुणी विचारून दिले नव्हते. पण आज माझ्या बांधाचं भांडण त्याच शब्दांत चालतं आणि त्यात मला काही परकं वाटत नाही.

त्यामुळं मी मुलीच्या बाजूनं. शब्द कुठून आला यापेक्षा तो कुणी आणला हे बघावं. ‘जलवाहिनी’ कार्यालयातून आली. ‘लाईन’ खंदक खणणाऱ्या माणसाकडून आली. दोन्ही नवेच. मग खणणाऱ्याचा शब्द का खोडायचा?

बालाघाटी

गोदातीर, मुदत अरबी आहे हे मला माहीत आहे आणि म्हणूनच मी तो मुद्दाम वापरला. मी परकीय शब्दांचा शत्रू नाही. पण फारसीचा पूर ओसरला तो आपोआप नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातले कितीतरी टिकले नाहीत, काही टिकले. पुढं सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर दिले. तेव्हाही लोक म्हणाले होते की हे कुणाला कळणार. आज सातवीची मुलगी वहीवर आपला क्रमांक लिहिते आणि तिला तो शब्द बनवलेला वाटत नाही. शिकवलं तर शब्द रुजतो. आपण शिकवणंच सोडून दिलं तर ‘लोकांना कळत नाही’ ही तक्रार आपणच जन्माला घातलेली असते.

आणि लाईन खालून आली म्हणता, त्याला माझा आक्षेप आहे. रूळ, तारायंत्र, वीज, यांतलं काहीही गावानं मागून आणलं नाही. सगळं वरून आलं, नाव चिकटूनच आलं. खणणाऱ्यानं शब्द निवडला नाही, त्याच्या हातात तो टिकावाबरोबर दिला गेला.

लाईनमन दादांचं मात्र मी मान्य करतो. ‘वीज’ या शब्दाविषयी मी असा विचार केला नव्हता. संस्कृत विद्युत्, प्राकृतात विज्जु, मग वीज, म्हणजे मुळात ती आभाळातलीच. आणि जिथं शब्दावर जीव आहे तिथं मी काही बदला म्हणणार नाही.

रेल्वेवेडा

थोडं विषयाच्या कडेनं. ताईंनी दिलेल्या निबंधातली घरामागची लाईन लातूर ते कुर्डुवाडी असणार. ती आधी अरुंद होती, दोन रुळांत जेमतेम अडीच फूट अंतर. कंपनीचं नाव बार्शी लाईट रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली, आणि २००८ साली सगळी रुंद झाली. आमची आजी तिला फक्त ‘बार्शी लाईट’ म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, गाडीला दिवा असेल म्हणून लाईट. तसं नाही, तिथं लाईट म्हणजे हलकी. इंग्रजीत उजेडाचा लाईट आणि वजनाचा लाईट हे मुळात दोन वेगळे शब्द, झिजून एकसारखे दिसायला लागले.

आणि आता मराठीत एक तिसरीच गंमत: अर्धा मराठवाडा ‘लाईट गेली’ म्हणतो, अर्धा ‘लाईन गेली’. दोघांनाही एकच अंधार होतो. लाईट इंग्रजीत निर्जीव, बिनलिंगी. आपल्याकडं ती बाई झाली. बत्ती गेली, वीज गेली, त्या जागेवर ती बसली म्हणून असेल.

खुरपं

मी केज तालुक्यातली. शेत करते, सातवीपर्यंतच शिकलेली आहे, पण वाचते. पोरीची बाजू घेणाऱ्या सगळ्यांना मला इचारायचंय: पात म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहे का?

खुरपायला बसल्यावर एकेक बाई दोन-तीन काकऱ्या धरती, तिचा तेवढा पट्टा म्हणजे तिची पात. “पात लाव”, “पात मागं राहिली”, “माझी पात लागली, आता तुझ्याला हात लावते.” म्हातारी बाई असली, नाहीतर कुणी पोटुशी असली, तर दोन्हीकडच्या बाया तिची पात थोडी थोडी वढून घेतात. मुकादमाला कळत नाही. हे सगळं त्या एका शब्दात आहे.

काकरी म्हणजे तिफणीची, नाहीतर कुळवाची रेघ. तास म्हणजे नांगराची. सरी येगळी, वाफा येगळा. आता ट्रॅक्टरवाला येतो आणि इचारतो, “दोन लाईनीत किती ठेवू?” सोयाबीनला दीड फूट ठेव म्हणून सांगते. काकरी म्हणलं तर त्याला कळत नाही. माझ्या सुनेला पण कळत नाही. परवा रोजानं आलेली पोरगी म्हणाली, “मावशी, मी ही लाईन घेते.” लाईन घेतली तिनं. पण बाजूच्या बाईची पात वढून घ्यायची असती हे तिला माहितीच नव्हतं, कारण शब्दच नव्हता.

शहाणी माणसं म्हणतात, शब्द बदलला तर काय झालं. आमच्यात शब्दाबरोबर वागणं गेलं.

मांजराकाठ

मावशी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. ‘पात’ मला माहीत नव्हता. मी मराठीची शिक्षिका आहे, शेतकरी घरातली आहे, आणि हा शब्द मला माहीत नव्हता, हे मी इथं मान्य करते. एक मात्र विचारते: पात गेली ती ‘लाईन’मुळं गेली, की तणनाशकामुळं? जिथं औषध मारून तण जळतं तिथं बाया ओळीनं बसतच नाहीत. काम संपलं की शब्द संपतो, असं मला वाटतं.

बालाघाटी सर, जवसाचा मुद्दा मी मागं घेते. भावनेच्या भरात लिहिला होता. पिकावरून शब्दाचं नातं ठरत नाही, हे खरं.

खुरपं

औषध आलं तिथं पात गेली, हे बरोबर. पण माझ्या रानात अजून खुरपणी आहे, मिरचीला आहे, भाजीपाल्याला आहे. काम आहे, बाया आहेत, आणि तरी शब्द गेला. त्याचं उत्तर द्या, ताई.

टाकीखाली

मला लाईनीविषयी एकच सांगायचंय. मी २०१६ ला लातुरात होते, अकरावीला.

धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त माणसं जमायला बंदी घातली, जमावबंदीचं कलम लागलं, कारण भांडणं व्हायची. नंतर १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, म्हणजे मालडबे, एकेकीत पन्नास हजार लिटर. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी रुळांवरून आलं. आम्ही बघायला गेलो होतो. माझी आजी रुळाकडं हात जोडून उभी होती.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत एकच शब्द होता. नळाची लाईन कोरडी. टँकरच्या लाईनीत घागरी. रेल्वेच्या लाईनवर पाणी. आणि माणसं लाईनीत नसायचीच, घागरीच असायच्या. एकेका घागरीशेजारी कुणाची चप्पल, कुणाचा दगड, नंबर म्हणून. पहाटे चारला घागर ठेवून यायचं आणि शाळेच्या आधी परत जाऊन बघायचं, घागर किती पुढं सरकली. कुणी मधे घुसलं तर ओरडा व्हायचा, “लाईन मोडू नका!”

‘रांग मोडू नका’ असं कुणीही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या मुलीनं टाकीवरची लाईन लिहिली आहे. ती खोडू नका एवढीच विनंती.

दहावी बॅच

मी शिकवणी घेतो, लातुरात. भावना सगळ्या समजल्या, पण व्यवहार बोलू. दहावीला तपासणारा परीक्षक कुठला असेल सांगता येत नाही. निबंधात ‘मेडिकल लाईन’ दिसली की तो गुण कापणार. ताई आज दहापैकी नऊ देतील, तीन वर्षांनी त्याच मुलीचे बोर्डात तीन गुण जातील. इथं अर्ध्या गुणानं पोरांचे प्रवेश हुकतात. शिक्षिकेनं मुलीला परीक्षेची मराठी शिकवायलाच पाहिजे. घरची मराठी तिला येतेच की.

ओळंबा

सर, पण मग परीक्षेची मराठी आणि घरची मराठी दोन वेगळ्या झाल्या ना. माझ्या वडिलांनी नेमकी याच कारणानं शाळा सोडली. ते बोलायचे ते सगळं चूक ठरायचं.

गोदातीर

बालाघाटी सर, खुरपं मावशींनी माझी अडचण केली. ‘खालून आलेला शब्द चांगला’ असं मी म्हणालो, आणि इथं एक खालचाच शब्द दुसऱ्या खालच्या शब्दाला खातोय. पात हा माझ्या आजीचा शब्द असणार आणि मला तो माहीत नाही.

एक भर टाकतो. पंगत हा शब्द पंक्तीवरून आला. पंक्ती मुळात पाचाशी जोडलेली: वेदांमध्ये पाच पादांच्या, म्हणजे चरणांच्या, छंदाला पंक्ती म्हणतात. पुढं ती कुठलीही ओळ झाली, मग जेवणाऱ्यांची ओळ, आणि आज पंगत म्हणजे जेवणच. म्हणजे आपले शब्दही लाईनीसारखेच पसरले, कुणी अडवलं नाही. फरक एवढाच की पंक्ती पसरत असताना ओळ, रेघ, रांग, पात, काकरी सगळ्या आपापल्या जागी होत्या. हा मुद्दा बालाघाटी सरांचा आहे आणि तो मला आता खोडता येत नाही.

मांजराकाठ

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं म्हणून चार दिवस लिहिलं नाही. आज वर्गात जे झालं ते सांगते.

मी त्या मुलीला तिचाच निबंध मोठ्यानं वाचायला लावला आणि वर्गाला विचारलं, प्रत्येक लाईनीला तुमच्या घरी दुसरं काय म्हणतात? ‘शेतीची लाईन’वर सगळे गप्प. एकजण म्हणाला, लाईट. ‘पाण्याची लाईन’ला एकानं नळ सांगितलं, लगेच दुसरा म्हणाला, “नळ घरात असतो बाई, रस्त्यात लाईन असती.” रेल्वेच्या लाईनला रूळ आले. पण मुलगी म्हणाली, “रूळ म्हणजे ते लोखंड. लाईन म्हणजे सगळीच.” लोहमार्ग कुणाच्याच तोंडी आला नाही, तो शब्द फक्त माझ्या लाल पेनात होता.

मग फळ्यावरची लाईन. तिथं दहा-बारा जण एकदम ओरडले, “रेघ!” मी तिला विचारलं, तू घरी काय म्हणतेस? म्हणाली, “आई म्हणती, भिंतीवर रेघोट्या वढू नको.” मग निबंधात लाईन का लिहिलीस? तर म्हणाली, “मला वाटलं शाळेत लाईनच म्हणायचं असतं.”

मावशी, तुमची पात तिथं सापडली. शब्द तिच्याकडं होता. तिला वाटलं तो घरचा आहे म्हणून कमी आहे.

नंतर मी फळ्यावर ‘पात’ लिहिलं आणि विचारलं, कुणाला माहिती आहे? छत्तीस मुलांत तीन हात वर झाले, तिन्ही मुली. एकीनं उभं राहून सांगितलं, “आजीची पात मी वढते.” सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

शेवटी रांग आणि लाईन. मी म्हटलं, टाकीवर रांग लावतात असं लिहिलं तर? ती जरा थांबली आणि म्हणाली, “रांग शाळेत असती बाई, प्रार्थनेला. तुम्ही लावता. टाकीवर कुणी लावत नाही, आपली आपली लागती. ती लाईन.”

सहा लाईनींवरची रेघ मी पुसली. फळ्यावरची लाईन खोडलेलीच ठेवली, वर ‘रेघ’ तसंच. दहापैकी आठ दिले.

बालाघाटी

ताई, आठ बरोबर आहेत.

रेघेबद्दल मी समाधानी आहे. ‘मेडिकल लाईन’ मी अजूनही खोडली असती, तिथं आपलं जमणार नाही.

पण ‘रांग शाळेत असती, तुम्ही लावता, टाकीवर आपली आपली लागती’, हा फरक मी चौतीस वर्षांत कुठल्याच विद्यार्थ्याकडून ऐकला नाही, आणि मलाही कधी सुचला नाही. तिला माझ्याकडून एक वही द्यायची आहे. तुमच्या शाळेचा पत्ता मला निरोपातून कळवा.

खुरपं

त्या तीन पोरींना माझ्या रानात आणा ताई, मिरची खुरपायला आलीय. सगळ्या वर्गालाच आणा. पात कशी लावतात ते दाखवते.